चाळीस मिनिटांत ढवळलेला द्रव

माझ्या वडिलांना त्यांच्या कामाच्या ठिकाणी सगळे तारकाका म्हणायचे. विद्यापीठात द्रवांचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा होती, तिथे ते एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. संशोधन करणारे वेगळे. त्यांना लागणारे द्रव बनवून देणं, काचेच्या नळ्या धुणं, पंप दुरुस्त करणं हे बाबांचं काम. नव्याने बनवलेल्या द्रवाचा एक थेंब ते अंगठा आणि तर्जनीत धरायचे, बोटं हळूहळू फाकवायचे आणि मध्ये किती लांब तार धरली जाते ते बघायचे. वीतभर तार आली की म्हणायचे, "घ्या, झाला." म्हणून तारकाका. तिथे लाखमोलाची यंत्रं होती, तरी विद्यार्थी आधी काकांचं बोट काय म्हणतं ते विचारायचे. बाबांना याचा अभिमान होता. घरी ते तसं दाखवायचे नाहीत, पण आई त्यांना चिडवायची की यांच्या दोन बोटांचा कुणीतरी विमा काढून ठेवा.

मी लहान असताना त्यांनी मला त्यांचं काम स्वयंपाकघरात समजावून सांगितलं होतं. एका वाटीत मध, एका वाटीत अंड्यातलं पांढरं. दोन्ही घट्ट. पण चमचा वर उचलला की मधाची धार सरळ खाली जाते आणि पडत राहते. अंड्यातलं पांढरं ताणलं जातं आणि तुटलं की झटक्यात मागे पळतं. "याच्यात लांब लांब धागे असतात," बाबा म्हणाले होते, "डोळ्यांना न दिसणारे. ताणलं की ताणतात, सोडलं की आखडतात. आमच्याकडे असे द्रव बनवतात, पण माणसाने ठरवून." पाण्यात आणि ग्लिसरीनमध्ये एक पांढरी पावडर अगदी थोडी विरघळवायची, की त्या द्रवात असे धागे तयार असायचे.

ही पावडर विरघळवणं हेच खरं कसबाचं काम. एकदम टाकली तर गुठळ्या होतात. जोरात ढवळली तर गुठळ्या होत नाहीत, पण धागे तुटतात. म्हणून बाबा चहाच्या गाळणीतून ती चिमूट-चिमूट भुरभुरायचे, मिनिटाला साठ फेरे अशा संथ गतीने ढवळायचे आणि मग डबा आडवा करून दोन रुळांवर दोन दिवस गरगर फिरत ठेवायचे. मध्ये चार-पाच वेळा जाऊन बघावं लागायचं. शनिवार-रविवार आला तरी.

त्या प्रयोगशाळेत एक संशोधक विद्यार्थिनी होती. तिला सगळे मणीताई म्हणायचे, कारण तिचं सगळं काम मण्यांवर होतं. मणी म्हणजे केसाच्या दहाव्या भागाइतके बारीक प्लॅस्टिकचे गोळे. काचेच्या पट्टीत कोरलेल्या एका बारीक नळीतून ती ते सोडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. साध्या पाण्यात सोडले तर ते नळीभर विखुरलेले वाहायचे. बाबांच्या द्रवात सोडले तर थोडं अंतर गेल्यावर सगळे मधोमध यायचे आणि एकामागे एक, शाळेच्या रांगेसारखे, चालू लागायचे. नळीच्या कडेला द्रव घासत चालतो, तिथे धागे जास्त ताणले जातात. मधोमध ताण जवळजवळ नसतो. ताणलेले धागे मण्याला कडेपासून रेटतात आणि तो सुटसुटीत जागेकडे, म्हणजे मध्यावर सरकतो. मोठा मणी लवकर सरकतो, लहान उशिरा.

मणीताईला याचा उपयोग करायचा होता. रक्तातल्या आजारी पेशी बऱ्याचदा चांगल्या पेशींपेक्षा मोठ्या असतात. त्या आपोआप मध्यावर आल्या तर बोटाएवढ्या काचेच्या पट्टीतून त्या वेगळ्या काढता येतील, मोठं यंत्र लागणार नाही. पहिलं वर्ष तिचं उत्तम गेलं. मण्यांच्या रांगांचे फोटो तिने भिंतीवर लावले. एक लेख लिहून छापायला पाठवला. मग बाहेरच्या एका संस्थेचे तीन तज्ज्ञ तिचं काम प्रत्यक्ष बघायला येणार असं ठरलं. त्यांना पटलं असतं तर पुढची पायरी, खऱ्या रक्तावरची, त्यांच्या रुग्णालयात झाली असती.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

पाहुणे यायच्या तीन आठवडे आधी द्रवाचा मोठा डबा संपत आला. नवी पावडर यायला उशीर झाला आणि ती आली शुक्रवारी सकाळी. सोमवारी मणीताईला द्रव हवा होता. म्हणजे शनिवार आणि रविवार बाबांनी प्रयोगशाळेत ये-जा करणं आलं. नेमकं त्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता त्यांचे जुने चार मित्र गाडी घेऊन येणार होते. दोन दिवस तळ्यावर मासे धरायला जायचं महिनाभर आधी ठरलं होतं, आणि पहिल्यांदाच मलाही नेणार होते. मी आठवडाभर शाळेत त्याच गप्पा मारत होते.

शेजारच्या खोलीत रंगांवर काम करणारा एक गट होता. त्यांच्याकडे दातेरी चकतीचं एक वेगवान ढवळणी यंत्र होतं. बाबांनी ते मागून घेतलं. मिनिटाला तीन हजार फेरे, चाळीस मिनिटं. द्रव काचेसारखा नितळ झाला, एकही गुठळी नाही. त्यांनी डबा भरला, झाकण लावलं आणि नेहमीसारखी चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर तारीख, आणि खाली नेहमीचे शब्द: "रुळांवर दोन दिवस." सवयीने लिहिलं, असं ते पुढे म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, नाही, सवयीने नाही.

तो शनिवार-रविवार माझ्या लहानपणातला सगळ्यात सुंदर होता. मी एक मासा धरला. फार मोठा नव्हता, पण बाबांनी गळ माझ्या हातातून घेतला नाही, नुसते मागे उभे राहून "सोड थोडं, आता ओढ" म्हणत राहिले. त्यांच्या एका मित्राने मासा हातात धरलेला माझा फोटो काढला. बाबा इतके हसलेले मी क्वचितच बघितले होते.

सोमवारी सकाळी ते प्रयोगशाळेत गेले, डबा उघडला आणि थेंब बोटांत धरला. तार दोन बोटांच्या रुंदीएवढी होऊन तुटली. पुन्हा घेतला. पुन्हा तिथेच तुटली. त्यांना तेव्हाच, सकाळी साडेआठ वाजता, कळलं की धागे गेले. उरला तो नुसता घट्टपणा, ग्लिसरीनचा.

आलेली सगळी पावडर त्याच डब्यात संपली होती. दुसरी मागवली तर सहा आठवडे लागणार. पाहुणे तीन आठवड्यांत येणार. ताणाचं मोजमाप करणारं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. मणीताईने द्रव किती घट्ट आहे ते मोजलं, तर आकडा जवळजवळ नेहमीचाच आला, कारण घट्टपणा ग्लिसरीनचा होता आणि ग्लिसरीन जागेवर होतं. तिने खुशीने डबा उचलला. बाबांनी तिला माझा मासेवाला फोटो मोबाइलवर दाखवला. ती म्हणाली, काका, मुलगी तुमच्यापेक्षा हुशार दिसते. ते हसले. मनात म्हणाले, बघू, कदाचित एवढ्यावर भागेल.

भागलं नाही. मणी मधोमध येईनात. पाण्यात जसे विखुरतात तसेच विखुरलेले जात राहिले. मणीताईने आधी नळीवर संशय घेतला. नव्या काचपट्ट्या कोरून घेतल्या. मग मण्यांवर घेतला, नवी बाटली फोडली. मग पंप बदलला. वेग कमी केला, वाढवला. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं, आणि बाबा तिच्या मागेमागे राहिले. नळ्या चारदा धुतल्या, सुट्टीच्या दिवशी आले, पंपाचं तेल बदललं, जेवायची वेळ झाली की तिला उठवून जेवायला पाठवलं. आई मला पुढे म्हणाली की त्या दिवसांत बाबा घरी इतके गप्प होते की तिला वाटलं, यांना आजार वगैरे निघाला की काय.

दुसऱ्या आठवड्यात मणीताईने विचारलं. सरळ विचारलं, आरोप म्हणून नाही, यादीतलं शेवटचं नाव खोडावं तसं. "काका, द्रव नेहमीसारखाच बनवला होता ना?"

बाबा म्हणाले, "हो ताई. नेहमीसारखाच."

तिने वहीत द्रवापुढे बरोबरची खूण केली. बाबांनी ती खूण होताना बघितली.

पाहुणे आले. पडद्यावर सूक्ष्मदर्शकाचं चित्र लावलं होतं. मणी आले, नळीभर पसरून आले आणि गेले. मणीताई बोलत राहिली, आवाज ठीक ठेवून. तिघांतल्या एकाने अगदी सभ्यपणे विचारलं की तुम्हाला आधी दिसलेली रांग म्हणजे नळीत अडकलेल्या कचऱ्याचा परिणाम तर नसेल? तिने सरांकडे, म्हणजे तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांकडे बघितलं. सर टेबलावरच्या कागदांकडे बघत होते. बाबा मागे पंपापाशी उभे होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते पंपाच्या आकड्याकडे बघत राहिले.

सरांनी तिला लेख मागे घ्यायला सांगितलं. ज्याची पुनरावृत्ती होत नाही ते छापायचं नसतं, आणि नियम म्हणून ते बरोबरच होतं. तिने लेख मागे घेतला, भिंतीवरचे फोटो काढले. चार महिने दुसऱ्या कुठल्यातरी विषयात मन घालायचा प्रयत्न केला आणि मग सोडून गेली. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला. बाबांपाशी ती शेवटी आली. तुमच्याइतकं माझ्यासाठी इथे कुणी केलं नाही, असं ती त्यांना म्हणाली. बाबांनी तिची पेटी रस्त्यापर्यंत उचलून नेली.

तिच्यासाठी पावडर मागवायची राहूनच गेली होती. ती गेल्यावर दोन महिन्यांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्यासाठी आली. बाबांनी द्रव बनवला, यावेळी गाळणीतून, रुळांवर, दोन दिवस. बोटांत वीतभर तार आली. त्या दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. त्यांनी कपाटातून मणीताईची काचपट्टी काढली, तिच्याच बाटलीतले मणी द्रवात मिसळले आणि पंप सुरू केला. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मणी मधोमध आले. एकामागे एक, सरळ, अजिबात न ढळता. ते बराच वेळ बघत राहिले. मग पंप बंद केला, पट्टी धुतली, पुसली आणि होती तिथे ठेवून दिली.

पुढे कित्येक वर्षांनी बाबांनी आम्हाला सगळं सांगितलं तेव्हा याच दुपारपाशी ते थांबले. डबा बिघडला ती घाई होती, म्हणाले. ताईने विचारलं तेव्हा खोटं बोललो ती भीती होती. पण त्या दुपारी कसलीच घाई नव्हती, कसलीच भीती नव्हती. दोनच महिने झाले होते. एक फोन केला असता तर ती परत आली असती. "मी पट्टी पुसून ठेवली," ते म्हणाले.

पाच वर्षांनी दूरच्या कुठल्यातरी गटाने तोच शोध छापला. चहाच्या वेळी सरांनी तो लेख सगळ्यांना दाखवला. मण्यांची तीच रांग, मोठे मध्यावर, लहान मागे. सर म्हणाले, आपल्या मणीताईचं बरोबर होतं की काय. मग विषय बदलला. बाबांनी कप धुवायला नेले.

घरात आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की बाबा पुन्हा कधी मासे धरायला गेले नाहीत. मित्र बोलवायचे, ते काहीतरी कारण सांगायचे. मी हट्ट करायचे, मग मोठी झाले आणि हट्ट सोडला. मला वाटायचं, माझा कंटाळा येत असेल.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. निरोपाच्या कार्यक्रमाला आई आणि मी दोघी गेलो होतो. सर बोलायला उठले. त्यांचेही केस पांढरे झाले होते. ते चांगलं बोलले, थोडी थट्टा केली आणि शेवटी म्हणाले, "एकतीस वर्षांत तारकाकांच्या हातचा द्रव कधी चुकला नाही. आम्ही चुकलो, आमची यंत्रं चुकली, पण त्यांचं बोट चुकलं नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला, रंग गेला, आणि मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. आईने त्यांचा हात धरला. त्यांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले, हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर त्यांनी आम्हाला सांगितलं. शुक्रवारच्या पावडरीपासून सगळं, एकही गोष्ट स्वतःच्या बाजूने न फिरवता. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "अहो, तेरा वर्षं हे घेऊन माझ्या शेजारी जेवत होतात?" एवढंच. आणि उठून आत गेली.

मी टेबलापाशी बसून राहिले. माझा तो शनिवार-रविवार कुणाच्या जिवावर झाला होता ते मला आता कळलं होतं. मी नऊ वर्षांची होते, माझा काय दोष, हे मला कुणीही सांगितलं असतं, आणि पुढे आईने सांगितलंही. तरी घरात फ्रेम करून लावलेला माशाचा तो फोटो मी भिंतीवरून काढला. तो तिथे लटकलेला बघवेना.

मणीताई कुठे असते ते शोधायला मला एक दिवस पुरला. ती तीन तासांच्या अंतरावरच्या गावात पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत प्रमुख होती. बाबा आधी पत्र लिहायचं म्हणत होते. मी म्हटलं, पत्र नको, चला. गाडी मी चालवली. वाटेत त्यांनी दोनदा खिडकी उघडली आणि दोनदा बंद केली.

छोटी इमारत होती. आत शेल्फांवर पाण्याच्या बाटल्यांच्या रांगा, प्रत्येकीवर चिठ्ठी. मणीताई हात पुसत बाहेर आली. चाळिशीची, केस आखूड, चष्मा. बाबांना तिने लगेच ओळखलं आणि तिला इतका आनंद झाला की मला तिथून निघून जावंसं वाटलं. तिने खुर्च्या ओढल्या, चहा सांगितला. माझ्याकडे बघून म्हणाली, "ही ती ना, मासा धरणारी?"

बाबांनी चहा यायची वाट बघितली नाही. उभ्यानेच सांगायला लागले. ती आधी हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होती, ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं आणि मग हळूहळू विरलं. त्यांचं सांगून झाल्यावर तिने टेबलावरचा एक कोरा फॉर्म उलटा केला आणि पेन घेतलं.

"किती फेरे?"

"तीन हजार."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"चकती दातेरी होती?"

"हो."

तिने सगळं लिहिलं. खाली रेघ मारली. मग वर न बघता विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी सकाळी. थेंब बोटांत धरला तेव्हा."

"म्हणजे मी तुम्हाला विचारलं त्याच्या आधी."

"हो ताई."

तिने पेन खाली ठेवलं. चहा आला, कुणी हात लावला नाही. मग ती बोलली, आवाज न चढवता. ती म्हणाली, "मी सोडून गेल्यावर पहिल्या वर्षाचे सगळे फोटो पुन्हा बघितले होते, काका. मला वाटलं, जे हवं होतं तेच मी बघितलं. इथे मी प्रत्येक बाटली दोनदा तपासते. हाताखालचे लोक म्हणतात, बाई फार काटेकोर आहे. मी काटेकोर नाही. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही."

बाबा काहीतरी बोलायला गेले. क्षमा हा शब्द निम्मा निघाला असेल. तिने हात वर केला.

"ते नको. मला ते आत्ता देता येणार नाही आणि तुम्ही मागूही नका. हे सगळं लिहून द्या, तारखेसकट, सही करून. आणि सरांना स्वतः जाऊन सांगा. मी सांगणार नाही."

आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

बाबांनी ते पत्र तीन दिवस लिहिलं. पहिल्या मसुद्यात "परिस्थितीमुळे" असा एक शब्द होता. मी वाचत असताना त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि तो शब्द खोडला. त्या जागी लिहिलं, "मला मासे धरायला जायचं होतं म्हणून." पत्र घेऊन ते सरांकडे गेले. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, दार अर्धं उघडं होतं.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ते घडी करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले की डबा तुम्ही बिघडवलात आणि खोटं तुम्ही बोललात, ते मी कमी करणार नाही. पण एका डब्यावर निकाल ठरवायचा नसतो, दुसरा करून बघा, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही मी सांगतो. मणीताईला मात्र सांगितलं नाही. पाहुण्यांसमोर माझी मान खाली गेली होती, मला तो विषय लवकर संपवायचा होता. मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "पाच वर्षांनी तो लेख मी दाखवला, तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?"

बाबा म्हणाले, "कप धुवायला गेलो होतो."

सरांनी मणीताईला पत्र लिहिलं, विद्यापीठाला लिहिलं आणि त्या दूरच्या गटालाही लिहिलं. त्या गटाने पुढच्या लेखात दोन ओळी घातल्या, की हे निरीक्षण आपल्या आधी एका संशोधिकेने केलं होतं आणि ते छापलं गेलं नाही. दोन ओळी म्हणजे दोनच. विद्यापीठाने तिला अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करायची परवानगी दिली. तिने आधी कळवलं की आता मला त्यात रस नाही. वर्षभराने मात्र तिने तिच्या जुन्या वह्या मागितल्या. त्या सरांच्या कपाटात होत्या, धूळ बसलेल्या, पण पूर्ण. बाबा त्या पोचवायला निघाले होते. सर म्हणाले, नको, टपालाने पाठवू. बाबांनी ऐकलं.

पुढची दोन वर्षं ती सुट्ट्या काढून येत राहिली. जुन्याच प्रयोगशाळेत, जुन्याच खोलीत. द्रव बनवायची वेळ आली तेव्हा सरांनी तिला विचारलं, तारकाकांना बोलवायचं का, त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. ती म्हणाली, मी करते. गाळणीतून पावडर तिने भुरभुरली, डबा रुळांवर तिने ठेवला आणि दोन दिवस खुर्ची टाकून शेजारी बसली. हे आम्हाला बाबांच्या जागी आलेल्या नव्या तंत्रज्ञाकडून कळलं. त्याला वाटलं होतं, काकांना वाईट वाटेल. बाबांनी एवढंच विचारलं की तार किती आली. तो म्हणाला, पुरी वीतभर.

त्रेचाळीसाव्या वर्षी तिला पदवी मिळाली. तिचा प्रबंध विद्यापीठाच्या वाचनालयात आहे. त्याच्या शेवटी जोडपत्र म्हणून बाबांचं पत्र छापलं आहे, जसंच्या तसं, सहीसकट. मासे धरायला जायचं होतं हे वाक्यही त्यात आहे. आभाराच्या पानावर बाबांचं नाव नाही. बाबा मला घेऊन वाचनालयात गेले, शेल्फापाशी उभ्याने ते पत्र वाचलं, प्रबंध परत जागेवर सरकवला आणि म्हणाले, इथेच हवं होतं ते.

मी मणीताईला एकदाच एकटी भेटले. माझ्या कामानिमित्त तिच्या गावी गेले होते आणि धीर करून तिच्या दारात उभी राहिले. तिने आत घेतलं. मी तिला सांगितलं की तो फोटो मी भिंतीवरून काढून टाकला. तिला ते आवडलं नाही. ती म्हणाली, तो परत लाव, त्या माशाने माझं काही केलेलं नाही. मग मी विचारू नये ते विचारलं. राग गेला का?

"नाही गेला," ती म्हणाली. "पण इतकी वर्षं तो माझ्यावर होता. आता निदान तुझ्या बाबांवर आहे."

घरी येऊन मी बाबांना हे जसंच्या तसं सांगितलं, कारण आमच्या घरात आता काही लपवायचं नाही असं आईने ठरवलं होतं. बाबा खिडकीपाशी बसून चष्म्याची काच पुसत होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "असू दे. तिथेच असू दे." आई आतून म्हणाली की पानं वाढली आहेत, आणि ते उठले.